'होऊन जाईल' म्हणजे नक्की कधी?

नाशिकमध्ये परकी भाषा आधी कारखान्याच्या गेटातून आली. ओझरला १९६४ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्याची उभारणी झाली ती सोव्हिएत मिग विमानांसाठी; त्यांची मूळ कागदपत्रं रशियन. सातपूरला जर्मन बॉश कंपनीशी नातं असलेली मायको ही कंपनी आली आणि तिचं नाव चौकालाही चिकटलं. अशा ठिकाणी भाषेचं पहिलं काम म्हणजे कागद समजणं. माणूस समजणं ही गरज पुढची.

व्यापाराच्या शिक्षणात मात्र ही गरज लवकर ओळखली गेली होती. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या धावपट्टीच्या जागेवर, १९४६ मध्ये थंडरबर्ड ही संस्था सुरू झाली. परदेशी व्यापारासाठी निघालेल्यांना तिथे व्यापार, भाषा आणि त्या प्रदेशाची ओळख एकत्रच शिकवली जाई. पुढे १९५० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल वॉशिंग्टनमध्ये परदेशी निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांना शिकवत. मोठमोठे सिद्धान्त त्या मंडळींच्या कामाचे नव्हते. समोरचा किती जवळ उभा राहतो, उशीर कशाला म्हणतो, गप्प का बसतो, हे त्यांना हवं होतं. १९८० मध्ये डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना मांडली. ते तक्ते एमबीएची मुलं आजही पाठ करतात. पण तक्त्याने कान तयार होत नाही. तो भाषेच्या तासालाच होतो.

आणि मराठी मुलांपाशी त्याची निम्मी तयारी घरूनच असते. जपानी माणूस बोलण्यात मध्ये मध्ये 'हाय' म्हणतो, तो बऱ्याचदा होकार नसतो. गोष्ट ऐकताना आपण देतो तो हुंकार आठवा, की लगेच उमगतं. जर्मनमधलं 'दू' आणि 'झी' समजायला तर तू-तुम्ही पुरेसं आहे. फक्त आपण वय बघून तुम्ही म्हणतो. तिथे व्यवहारातल्या अनोळखी समवयस्कालाही 'झी'च.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तासाला फोनचा सराव चालतो: निफाडच्या द्राक्षांचा कंटेनर, समोर जर्मन खरेदीदार. 'कागद कधी पाठवाल?' मुलगी मनापासून, अगदी चुकीशिवाय जर्मनमध्ये सांगते, होऊन जाईल. आपल्याकडे हा धीर झाला. पलीकडच्याने मात्र वही उघडून ठेवलेली असते, वार लिहायला. मग ती थांबते, कॅलेंडर बघते आणि पुन्हा म्हणते: गुरुवारी, दुपारी तीनपर्यंत.