राजान्न (रॉयल जेली)

कोवळ्या वयाच्या कामकरी मधमाश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारा पांढरट, दाटसर व आंबट स्राव. त्यात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते. उरलेला भाग मुख्यतः प्रथिने, शर्करा व मेदाम्ले यांचा. राणी व कामकरी या दोघीही फलित अंड्यांतूनच जन्मतात आणि जनुकांच्या दृष्टीने त्यांच्यात ठरलेला भेद नसतो. भेद पडतो तो अळीच्या पोटात काय जाते यावरून. पाळीव युरोपीय माशीत अंड्यापासून राणी १६ दिवसांत, तर कामकरी २१ दिवसांत बाहेर पडते. राणीच्या प्रत्येक अंडकोशात शंभराहून अधिक अंडनलिका (अंडी तयार होणाऱ्या बारीक नळ्या) असतात, कामकरीच्या अंडकोशात जेमतेम मूठभर.

कामकरीच्या अळीला राजान्न मिळतच नाही, ही समजूत ढोबळ आहे. पहिले सुमारे तीन दिवस तिलाही ग्रंथिस्रावच भरवतात, मात्र त्यात शर्करा कमी असते. पुढे मध व पराग मिसळतात. राणीची अळी भुईमुगाच्या शेंगेसारख्या लोंबत्या घरात अखेरपर्यंत राजान्नावरच वाढते. घर खाली तोंड करून असल्याने अळी गळून पडायला हवी; राजान्नातील प्रथिनांचे आम्लतेमुळे बनणारे तंतू त्याला इतका चिकटपणा देतात की ती छताला धरून राहते. कामकरीची अळी तीन दिवसांच्या आत राजान्नावर आणली तर राणी होऊ शकते. त्यानंतर पूर्ण राणी होत नाही. कधी दोन्हींची लक्षणे असलेली अधलीमधली माशी निपजते.

राणी घडवणारा घटक नेमका कोणता, यावर मतभेद आहेत. २००८ मध्ये कॅनबेरा येथील मालेश्का यांच्या गटाने डीएनएवर मेथिल गट (जनुकांचे काम बदलू शकणारी रासायनिक खूण) बसवणारे एक विकर (एन्झाइम) अळीत दाबून टाकले, तेव्हा बहुतेक माश्या राणीसारख्या निपजल्या. २०११ मध्ये जपानच्या कामाकुरा यांनी ‘रॉयलॅक्टिन’ हे एकच प्रथिन निर्णायक ठरवले. ते ४० अंश सेल्सियसला साठवल्यास हळूहळू नष्ट होते व राजान्नाचा गुणही त्याबरोबर जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१६ मध्ये बुटश्टेट व सहकाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली: ते प्रथिन नसलेल्या आहारावरही राण्या होतात. दरम्यान इलिनॉय विद्यापीठात परागातील पॅरा-कुमारिक आम्लाचा विचार झाला. कामकरीच्या खाण्यात हे आम्ल येते, राजान्नात नाही, आणि त्याने अंडकोशांची वाढ खुंटते. म्हणजे राणी ‘वरच्या’ आहाराने घडते तितकीच काही पदार्थांपासून वाचल्यानेही. शर्करेचे प्रमाण, अन्नाची रेलचेल व ज्युव्हेनाइल हॉर्मोन या कीटकांच्या विकासाचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाची वाढ यांचा एकत्रित परिणाम मानणे आज अधिक सयुक्तिक वाटते.

सातेरी या भारतीय पाळीव माशीतही राणी याच रीतीने घडते, पण तिचे राजान्न फारच थोडे मिळते. व्यापारी उत्पादन युरोपीय माशीचे, व त्यातला मोठा वाटा चीनचा आहे.