रेषेचा चढ

आलेखावरील सरळ रेषेवरून डावीकडून उजवीकडे जाताना क्ष-निर्देशक एका एककाने वाढला की य-निर्देशक कितीने बदलतो, हे सांगणाऱ्या संख्येला त्या रेषेचा चढ म्हणतात. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घेऊन य-निर्देशकांतील फरकाला त्याच क्रमाने घेतलेल्या क्ष-निर्देशकांतील फरकाने भागले की चढ मिळतो. बिंदू कुठलेही निवडले तरी उत्तर तेच येते, आणि रेषा सरळ आहे म्हणजे नेमके हेच. य = म·क्ष + क या समीकरणात म हा चढ असतो. रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण आणि आडवी असेल तर शून्य असतो. उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही, कारण तेथे शून्याने भागावे लागते.

उदाहरणार्थ, कुळे ते कॅसलरॉक हा दूधसागर धबधब्याजवळून जाणारा रेल्वेचा घाटमार्ग १८८० च्या दशकात बांधला गेला. त्याचा तीव्रतम चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे ०.०२७ आहे. कोकण रेल्वेची आखणी १५० मीटरला १ मीटर ही मर्यादा धरून झाली. घाटातील चढ तिच्या चौपट आहे, म्हणून तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. तरीही हा घाट क्षितिजाशी जेमतेम दीड अंशाचा कोन करतो. आलेखकागदावर आडवा १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि उभा १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर असे प्रमाण घेतले, तर तीच रेषा सुमारे १५ अंशांनी उभी राहते. चढ बदललेला नसतो, प्रमाण बदललेले असते. म्हणूनच आलेखाचे तिरपेपण डोळ्यांनी जोखण्याआधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचले पाहिजेत. विद्यार्थ्यांची गफलत अनेकदा येथेच होते.

अक्षांवरील राशी वेगळ्या असतील तर चढ हा दर होतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक जूनपासूनच्या एकूण पावसाचा आलेख काढला आणि, समजा, १० ते २० जुलै या काळात बेरीज १,२०० वरून १,६०० मिलिमीटरवर गेली, तर त्या तुकड्याचा चढ दिवसाला ४० मिलिमीटर येतो. हा चढ कधीच ऋण होत नाही, कारण पडलेला पाऊस बेरजेतून वजा होत नाही. उघडीप पडली की रेषा फक्त आडवी होते. याउलट साळावली धरणाच्या पाणीपातळीची रेषा पावसाळा सरल्यावर उतरू लागते, आणि तिचा ऋण चढ पातळी रोज किती घटते ते दाखवतो.

प्रत्यक्षात पावसाचा जोर तासातासाला बदलतो, त्यामुळे असा आलेख वक्र असतो आणि त्याला एकच एक चढ नसतो. दोन बिंदू जोडणारी रेषा त्या कालावधीतील सरासरी दर देते, तर एखाद्या क्षणीचा दर त्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेच्या, म्हणजे तेथे वक्राला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेच्या, चढावरून मिळतो.