संग्रह विका, पण एक गाडी धावती ठेवा

मॉडेल रेल्वेचा संग्रह शेवटी माळ्यावर जातो, आणि नागपुरात माळ्याइतकी वाईट जागा त्याला दुसरी नाही. तीस-चाळीस वर्षं एकेक इंजिन, एकेक डबा जमवलेला असतो. मग मुलं पुण्या-बंगळुरूला जातात, मोठं घर सोडून फ्लॅट घेतला जातो आणि सगळी खोकी एकगठ्ठा देऊन टाकायचं ठरतं. जागा मोकळी होते, पैसेही येतात. वर्ष-दीड वर्ष गेलं की तेच इंजिन दुसऱ्याकडून जास्त पैसे मोजून परत घ्यावंसं वाटू लागतं.

यातला एक भाग मेंदूचा आहे, दुसरा धातू-प्लास्टिकचा. दोन्ही समजून घेतले तर काय विकायचं आणि काय ठेवायचं ते ठरवणं सोपं जातं.

वस्तू आपली झाली की आपल्या लेखी तिची किंमत वाढते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये याला ‘मालकी परिणाम’ अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि थेलर यांच्या चमूने कॉफीच्या मगांवर केलेला प्रयोग गाजला. ज्यांना मग देऊन टाकला होता, त्यांनी तो विकायला साधारण ७ डॉलर मागितले. ज्यांच्याकडे नव्हता, ते घ्यायला ३ डॉलरही द्यायला तयार होईनात. तिसऱ्या गटाला मग किंवा रोख यांतलं काहीही निवडायचं होतं. त्यांनीही मगाची किंमत ३ डॉलरच्या आसपासच धरली. तो मग सगळ्यांना सारखाच आवडला होता, जड जात होतं ते हातातलं सोडणं. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये खेळाडूंच्या कार्डांची देवघेव करणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सराईत व्यापाऱ्यांमध्ये हा परिणाम जवळजवळ दिसेना. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने तुमची किंमत ऐकून मान हलवली, तर तो लबाडच असेल असं नाही. तुम्ही तुमचं इंजिन विकताय, तो एक इंजिन घेतोय.

मालकी परिणामाने विक्रीआधीची घासाघीस समजते. विकून वर्ष झाल्यावर लागणारी हुरहूर समजत नाही. तिथे स्मृतीची दुसरी खोड कामाला येते. घटनेशी जोडलेली नकोशी भावना हव्याशा भावनेपेक्षा लवकर विरते, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सांध्यावर घसरणारा तिसरा डबा, दर आठवड्याला रूळ पुसणं, पावसाळ्यात फुगलेला प्लायवूड यांचा वैताग आधी पुसट होतो. उरते ती सुरळीत धावणारी गाडी. वासाचाही यात हात असतो. जुन्या मोटरच्या कार्बन ब्रशांपाशी ठिणग्या उडतात, त्यातून किंचित ओझोन तयार होतो, सोबत कोमट तेलाचा वास असतो. वासाची वाट इतर संवेदनांपेक्षा जवळची, भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी थेट जोडलेली असते. असा वास कुठे आला की जुनी संध्याकाळ आख्खी समोर उभी राहते.

यावर उपाय अगदी साधे आहेत. विकायचं ठरलं त्याच आठवड्यात वहीत कारणं लिहून ठेवा, वैतागासकट. पुढे हुरहूर लागली की हाच कागद कामाला येतो. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. भावना गुंतलेल्या वस्तूंचा फोटो काढायला सांगितलं की लोक त्या द्यायला जास्त तयार होतात, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं. आगगाडीचं मात्र फोटोवर भागत नाही. फोन रुळापासून वीतभर अंतरावर ठेवून प्रत्येक इंजिनाचा आवाजासकट व्हिडिओ घ्या. निघताना, वळणावर आणि थांबताना. मग विकायच्या वस्तू बांधून तीन महिने दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. त्या काळात जी वस्तू मागून आणावीशी वाटली, ती विकू नका.

आमच्या मते, आठवण येते ती धावत्या गाडीची. कपाटातल्या पन्नासाव्या डब्याची सहसा येत नाही. म्हणून राखून ठेवायचा संच धावता हवा: एक इंजिन, तीन-चार डबे, कंट्रोलर आणि रुळांचं एक वर्तुळ. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. ४३८ मिमी त्रिज्येचं वर्तुळ ४५ अंशांच्या ८ तुकड्यांत पुरं होतं आणि १२ मिमी जाडीच्या, मीटरभर चौरस प्लायवर बसतं. दोन्ही बाजूंना १६८ मिमीचे दोन-दोन सरळ तुकडे जोडले तर १ मीटर बाय १.३५ मीटरची पाटी लागते. ती पलंगाखाली सरकते. वर्तुळाचा परीघ पावणेतीन मीटर. ताशी ६० किलोमीटरचा आभास हवा असेल तर इंजिनाने सेकंदाला १९ सेंटिमीटर जायला हवं, म्हणजे फेरीला सुमारे १४ सेकंद. बहुतेक लोक याच्या तिप्पट वेगाने पिटाळतात आणि डबे घसरतात म्हणून रुळांना दोष देतात.

भारतीय गाड्यांच्या हौशीत एक गोची आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. ८७ ने भागली तर १९.३ मिमी येते. १६.५ मिमीच्या रुळांवर उभं केलेलं भारतीय इंजिन त्यामुळे जरा अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. नागपूरकरांना यातून एक छान पळवाट आहे. सातपुड्यातली नॅरोगेज ७६२ मिमीची होती, म्हणजे १:८७ मध्ये ८.७६ मिमी. बाजारात सहज मिळणारे एन नावाच्या छोट्या मापाचे रूळ ९ मिमीचे असतात, फरक पाव मिलिमीटरही नाही. मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन डब्यांची मापं घ्या, डब्याची खोळ, म्हणजे बाहेरचं कवच, पुठ्ठ्यात किंवा स्टायरीनच्या पत्र्यात घरीच करा. मोठा संग्रह विकून एवढंच ठेवणारा माणूस, आमच्या मते, फायद्यात राहतो.

आता माळ्याकडे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना स्लॅबखालचा माळा त्याहून जास्त तापतो. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही मॉडेलांची प्लास्टिकं १०० अंशांच्या आसपास मऊ होतात, पण थ्रीडी प्रिंटिंगमधलं पीएलए ६० अंशांनाच वाकतं. त्यात खोलीत कूलर चालू असेल तर कोरड्या उन्हाळ्यातही ओलावा वाढतो आणि पोलादी आस गंजतात. खोक्यातला जुना पॉलियुरेथेन फोम उष्णता आणि ओलाव्याने कुजतो, चिकट होतो आणि रंगावर बसतो. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळलं तर त्याचे गोल डाग उमटतात; आधी आम्लविरहित पातळ कागद, वरून बबल रॅप. कपड्यांच्या कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. नॅफ्थलिनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि दोन वर्षांनी खिडक्यांच्या कडा ओघळलेल्या दिसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतं.

सगळ्यांत वाईट रोग जस्ताचा. जुन्या इंजिनांची ओतीव चौकट, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, जस्ताच्या मिश्रधातूची असते. ओतताना त्यात शिशाचा अगदी सूक्ष्म अंशही शिरला असेल तर धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत पसरतो, चौकट फुगते, तडकते, शेवटी भुगा होते. उष्णता आणि ओलावा हा वेग वाढवतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मॉडेलांत हे जास्त दिसतं, पण नंतरचीही सुटलेली नाहीत. खोळ चौकटीवर नीट बसत नसेल, केसाएवढ्या भेगा दिसत असतील, चाकं अडकत असतील तर ताकद लावू नका. यावर इलाज नाही. विकताना हे खरेदीदाराला सांगणं एवढंच हातात असतं.

बाकीची तपासणी मल्टिमीटरवर होते. १२ व्होल्ट डीसीचं इंजिन ३-४ व्होल्टवर हलायला लागलं पाहिजे. डबे न जोडता आधुनिक मोटर ०.३ अँपिअरच्या आत चालते, जुनी उघडी मोटर ०.५ पर्यंत घेते. त्याहून जास्त गेलं आणि इंजिन रखडत असेल, तर तेल वाळून डिंक झालंय: गिअर साफ करा, आसाच्या टोकांना सुईच्या टोकाने प्लास्टिकला चालणाऱ्या हलक्या तेलाचा एकेक थेंब द्या. खोबरेल तेल मात्र नको. ते २४ अंशांखाली थिजतं आणि नागपुरात डिसेंबरची रात्र १० अंशांची असते. विद्युतप्रवाह जास्त, वेगही जास्त, पण दोन डबे ओढताना दमछाक, असं असेल तर चुंबक कमजोर झालंय. चुंबकीय क्षेत्र घटलं की मोटरमध्ये तयार होणारा उलटा विद्युतदाब कमी पडतो, म्हणून ती जोरात फिरते, पण तिच्यात ओढ उरत नाही. जुन्या अल्निको मिश्रधातूच्या चुंबकातून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, नुसतं बाहेर काढलं तरी असं होऊ शकतं, तेव्हा साफसफाईच्या नावाखाली मोटर उघडू नका. चाकांवरच्या रबरी कड्या कडक झाल्या असतील तर खाचेच्या व्यासापेक्षा किंचित लहान कड्या बसवा.

डीसीसी, म्हणजे डिजिटल संदेशांवर चालणारं इंजिन असेल तर त्यातल्या डिकोडर चिपचा पत्ता, म्हणजे तिचा क्रमांक, खोक्यावर लिहा. बदलला नसेल तर तो ३ असतो. मूळ खोकं, कागद आणि सुटे भाग एकत्र ठेवले तर भाव चांगला येतो. एकगठ्ठा विकताना तो पडतो, कारण घेणाऱ्याला प्रत्येक नग पुन्हा तपासून विकायचा असतो.

तरीही पुढे एखादं इंजिन परत घ्यायचंच झालं, तर विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: थंड मोटर संथ वेगाने सुरू होतानाचा व्हिडिओ आणि चौकटीचा खालून काढलेला फोटो. चाकांची कडाही बघा. जुन्या मॉडेलांची कडा खोल असते, २.५ मिमी उंचीच्या रुळांवर ती बिनबोभाट चालते, पण आताच्या १.९ मिमीच्या रुळांवर खिळ्यांना आपटत खडखडत जाते. म्हणून विकताना जुने रूळ सगळ्यांत शेवटी द्यावेत.