एच-२: वाकड्या शेपटीपासून मारक टी पेशीपर्यंत

परके ऊतक अंगात रुजेल की नाही, हे ठरवणारा उंदरातला मुख्य जनुक-प्रदेश म्हणजे ‘एच-२’. हे नाव दोन प्रयोगशाळांच्या कामातून तयार झाले. ‘एच’ अमेरिकेतल्या जॉर्ज स्नेल यांच्या ‘हिस्टोकॉम्पॅटिबिलिटी’चा, म्हणजे ऊतके जुळण्याचा; ‘२’ लंडनच्या पीटर गोरर यांच्या दुसऱ्या प्रतिजनाचा, म्हणजे शरीर ज्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते अशा पेशीवरच्या खुणेचा. दुसऱ्या वाणाच्या उंदराची कर्करोगाची गाठ टोचली आणि ती रुजली नाही, तर त्या उंदराच्या रक्तात लाल पेशींवरच्याच या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, हे गोरर यांनी १९३७ साली दाखवले. गाठ विरली म्हणजे कर्करोगावरची प्रतिकारशक्ती सापडली, असा तोवर अनेकांचा समज. उंदीर खरे तर परके ऊतक हाकलत होता.

बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्नेल यांच्यापुढचा पेच वेगळा होता. ऊतक रुजणे ठरवणारी जनुके पुष्कळ. त्यातले एकच वेगळे कसे काढायचे? पहिल्या पिढीचा संकर दोन्ही पालकांची गाठ रुजवून घेतो, म्हणून संकराला पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी लावून काहीच कळत नाही. त्यावर तोड अशी: मधूनमधून भावंडांची जोडी लावायची, पिल्लांना मूळ वाणाची गाठ टोचायची आणि ती नाकारून जे जगेल तेच पुढे वाढवायचे. मूळ वाणाशी दहा वेळा संकर झाला की दूरचे एखादे जनुक परके उरण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास येते. निवडलेल्या जनुकाला खेटून असलेला गुणसूत्राचा तुकडा मात्र हट्टाने सोबत येतो, आणि निष्कर्ष चुकतात ते बहुधा इथेच. शेपटी वाकडी करणारे ‘फ्यूज्ड’ जनुक याच शेजारात निघाले, ही चैनच म्हणायची: नुसती शेपटी पाहून अंदाज बांधता येई. गोरर, लायमन आणि स्नेल यांनी १९४८ साली गोररचे प्रतिजन आणि स्नेलचे जनुक हे दोन्ही धागे जुळवले. त्याआधी १९४७च्या आगीत प्रयोगशाळा जळाली होती. बाहेर पाठवलेले वाण परत मागवून काम उभे राहिले.

एकाच वाणातही गफलत होते. सी५७ काळ्या उंदरांत नराची कातडी मादीला लावली तर ती सावकाश गळून पडते, हे १९५५ साली लक्षात आले. लिंग न पाहता कलम केले की खापर एच-२ वर फुटते.

पण कलम करायला निसर्गात कोण येतो? मग एच-२चे हे रेणू कशासाठी? उत्तर १९७४ साली कॅनबेरात मिळाले. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांच्या मेंदूत एलसीएम हा मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा विषाणू टोचला, सातव्या दिवशी प्लीहेतल्या पेशी काढल्या (त्यांत बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी असतात) आणि किरणोत्सारी क्रोमियम भरलेल्या, त्याच विषाणूने बाधित एल९२९ पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर, सोडल्या. पेशी फुटली की क्रोमियम द्रवात उतरते. ते थोडे आपोआपही झिरपते, म्हणून मारक पेशी न घातलेली नळी सोबत हवीच. एल९२९चा एच-२ प्रकार ‘के’. त्याच प्रकारच्या सीबीए उंदरांच्या टी पेशींनी त्या फोडल्या. वेगळ्या एच-२ प्रकारच्या बाल्ब-सी आणि सी५७ काळ्या उंदरांच्या टी पेशींनी, विषाणू तोच असूनही, सोडून दिल्या. म्हणजे टी पेशी विषाणू ओळखते ती आपल्याच एच-२ सोबत.