‘पीडीएफ मागू नये’: वाचकांच्या ग्रुपवरचा हा नियम आला कुठून

वाचनाच्या कुठल्याही मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं की आधी नियमावली येऊन पडते. गुड मॉर्निंग नको, राजकारण नको, आणि ठळक अक्षरात, पीडीएफ टाकू नये व मागू नये. पहिले दोन नियम लोक मोडतात पण त्यावरून भांडत नाहीत. तिसऱ्यावरून मात्र ग्रुप फुटलेत, जुने मेंबर रुसून लेफ्ट झालेत आणि एकाच नावाचे ‘१’ आणि ‘२’ असे ग्रुप निघालेत. कोणीतरी एखाद्या कादंबरीबद्दल मनापासून चार ओळी लिहितं आणि खाली पहिला प्रश्न येतो, ‘पीडीएफ आहे का?’ लिहिणाऱ्याचा मूड जातो, अ‍ॅडमिन जागे होतात, मूळ पुस्तक राहतं बाजूला. हे असं का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नेत नाही. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, मग खास मराठी पुस्तकांसाठी ठाण्यात १८९३ आणि मुंबईत १८९८, ही वाचनालयांची साखळी बहुतेकांना माहितीये. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की तेव्हापासून पार नव्वदच्या दशकापर्यंत ‘हे वाचा’ म्हणणारा माणूस आणि ते पुस्तक साधारण एकाच खोलीत असायचे. काउंटरवरचे काका म्हणायचे, हे आत्ताच परत आलंय, न्या, पुन्हा महिनाभर मिळायचं नाही. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असायचे, ते दाटीवाटीने पडलेले दिसले की पुस्तक चालणारं आहे हे कोणी सांगायची गरज नसायची. आणि समासातले शेरे! पेन्सिलीने ‘अप्रतिम, जरूर वाचा’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काही नाही, वेळ वाया’, त्याखाली बॉलपेनने तिसऱ्याचं ‘तुम्हाला कळलेलं नाही’. रहस्यकथा असेल तर पान वीसवर कोणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलेलंच. पुस्तक खराब करू नये हे मान्य, पण इतक्या मोकळेपणाने दिलेला अभिप्राय नंतर फार कुठे दिसला नाही.

गल्लोगल्लीच्या खासगी लायब्रऱ्यांनीही हेच केलं. डिपॉझिट भरा, महिन्याची वर्गणी भरा, एका वेळी एक पुस्तक एक मासिक न्या, आणि दिवाळीला वेगळे पैसे भरून अंकांची योजना घ्या. आपण काय वाचतो हे तिथल्या माणसाला पाठ असायचं, त्यामुळे घरून पोराला पाठवलं तरी बरोबर पुस्तक यायचं.

शिफारस आणि पुस्तक वेगळं व्हायला लागलं ते मासिकांपासून. १९६४ ला मुंबईत फक्त पुस्तकांना वाहिलेलं एक मासिक निघालं, त्यात निवडक वाचकांना विचारून केलेल्या आवडत्या पुस्तकांच्या याद्या यायच्या आणि वाचनालयांच्या पुस्तक निवडीच्या बैठकीत त्या अंकावर खुणा केलेल्या असायच्या. मासिक चालवणारे स्वतः पुस्तकविक्रीतले, म्हणजे यादीमागे दुकान होतंच, पण वाचक सांगलीत आणि दुकान मुंबईत. ही फट बुजवायचा मोठा प्रयत्न डिसेंबर १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाचक चळवळीने केला, आगाऊ पैसे भरून सभासद व्हा, पुस्तकं स्वस्तात घ्या, गावोगावी प्रदर्शनं लावा. पुढे तिने स्वतःच पुस्तकं काढली, त्यात दलित आत्मकथनंही आली, आणि मग ही चळवळ की प्रकाशन संस्था असा वाद रंगला. तो वेगळा विषय आहे. आणखी एक सांगण्यासारखा प्रयोग नाशिकचा, २००९ पासूनचा, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्या बदलायच्या. पेट्या दुबईपर्यंत गेल्या. साधी आयडिया, पण शिफारस आणि पुस्तक परत एकत्र आणणारी.

आता सरकारी बाजू. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. इतर काही राज्यांनी ग्रंथालयासाठी लोकांकडून उपकर घ्यायचा मार्ग धरला, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे गावातल्या मंडळाने वाचनालय चालवायचं, सरकारने अ, ब, क, ड वर्ग ठरवून अनुदान द्यायचं. त्यामुळे वाचनालयांची संख्या बारा हजारांच्या घरात गेली, हे चांगलंच झालं. पण गावातल्या, सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला बरीच वर्षं वर्षाला ३० हजार रुपये मिळायचे, त्यातले निम्मे पगाराला. उरलेल्यात भाडं, वीज, वर्तमानपत्रं आणि मग पुस्तकं. २०१२ ला सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली, कित्येक फक्त कागदावर निघाली आणि नव्यांना मान्यता देणं थांबलं. कागदावरची बंद झाली त्याचं दुःख नाही, पण खरोखर पुस्तकं घेऊन बसलेलीही त्याच चरकातून पिळून निघाली. एखादा सिरोंच्याचा किंवा धडगावचा वाचक ‘पीडीएफ आहे का’ विचारतो तेव्हा हे आठवावं असं मला वाटतं, पुण्यात पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

नेटवर मराठी वाचक तसे लवकर आले. अमेरिकेतून चालणारी एक साइट १९९६ च्या गणपतीत सुरू झाली, २००४ ला युनिकोडवाली दुसरी आली, २००७ ला तिसरी, आणि ‘सध्या काय वाचताय’ छाप चर्चा सगळीकडे वर्षानुवर्षं चालू राहिल्या. तिथे लिहिणारे बरेच जण परदेशात, भारतवारीत बॅग भरून पुस्तकं नेणारे. पीडीएफचा प्रश्न होता, पण मेलवर, गुपचूप.

खरी उलथापालथ २०१६ ची. फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ झाली, मार्चच्या सुमाराला त्यावर पीडीएफ पाठवता यायला लागली आणि सप्टेंबरात फुकट डेटावाली सिम कार्डं आली. एका वर्षात तिन्ही गोष्टी. वाचनाचे ग्रुप पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले आणि प्रत्येकात एक तरी मेंबर असा की ज्याच्याकडे हजार पुस्तकांचा फोल्डर आहे. त्यातली बरीचशी सरकारी डिजिटायझेशन प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी पुस्तकं होती, काही लेखकांनीच मोफत वाटलेली ई-पुस्तकं होती, आणि काही म्हणजे कोणीतरी घरी बसून मोबाइलने पानापानाचा फोटो काढून केलेली चालू बाजारातली पुस्तकं, कोपऱ्यात अंगठा दिसतोय अशी. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने फिरायची. गोंधळाचं मूळ हे आहे.

मग मार्च २०२० आला. वाचनालयं बंद, दुकानं बंद, पार्सल बंद. राज्यातली वाचनालयं उघडायला ऑक्टोबर उजाडला. त्या सहा-सात महिन्यांत काय फिरलं नाही! वर्तमानपत्रांच्या पीडीएफ, दिवाळी अंकांच्या पीडीएफ, आदल्या वर्षीच आलेल्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ. (स्कॅन करायचं लोकांचं आवडतं अ‍ॅप त्याच जूनमध्ये चिनी म्हणून बंद झालं, फरक काडीचा पडला नाही.) प्रकाशक आधीच गळ्यापर्यंत बुडालेले, त्यांनी सायबर पोलिसांचं दार वाजवलं आणि तशा बातम्यांची कात्रणं ग्रुपवर यायला लागली. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड, हे फॉरवर्ड झालं आणि अ‍ॅडमिन मंडळींची झोप उडाली. यातले बरेच निवृत्त शिक्षक, बँकवाले, गृहिणी, ज्यांनी हौसेपोटी ग्रुप काढला होता. त्यांनी रातोरात नियम केला, पीडीएफ बंद, सरसकट.

हा ‘सरसकट’ शब्दच घोळाचा.

चालू लेखकाचं चालू पुस्तक फुकट फिरवणं चूकच आहे, त्यावर माझ्यापुरती चर्चा संपली. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची, तीही दोन-तीन वर्षं पुरते, त्यात दोनशे लोकांच्या ग्रुपवर फाइल पडली म्हणजे काय होतं ते सांगायला नको. ‘पीडीएफ वाचून आवडलं तर विकत घेतो’ म्हणणारे विकत घेताना मी तरी फार पाहिलेले नाहीत. पण कायदा सगळं बंद करत नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, टागोरांच्या लेखनावरचे हक्क १९९१ अखेर संपायला आले तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली. या हिशेबाने १९५० ला गेलेल्या साने गुरुजींचं सगळं मूळ लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतं, छापतातही, दहा दुकानांत दहा प्रकाशकांची मिळते. तरी ग्रुपवर टाकली की दोन मिनिटांत डिलीट आणि वर समज. राज्य सरकारच्या साहित्यविषयक मंडळाने आपली पुस्तकं स्वतःच मोफत डाउनलोडला ठेवलीत, तीही चालत नाहीत. अ‍ॅडमिन म्हणतात, प्रत्येक फाइल तपासत कोण बसणार, जुनं पुस्तक असलं तरी अनुवाद नवा असू शकतो, प्रस्तावना नवी असू शकते, लेखक कधी गेला ते कुठे शोधू. बरोबर आहे त्यांचं. पण मग निदान लिंक तरी टाकू द्या ना, तेही बऱ्याच ठिकाणी नाही.

अ‍ॅडमिनची जबाबदारी किती, यावरही लोक ऐकीव बोलतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलं की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून, आधीपासून संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. ते प्रकरण शिवीगाळीचं होतं, कॉपीराइटचं नाही, पण घाबरलेल्यांना त्याने थोडा धीर यायला हरकत नव्हती. आला नाही. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्लास घेणाऱ्या एका बाईंच्या इंग्रजीच्या पुस्तकांवरून टेलिग्रामला, फाइली टाकणाऱ्या चॅनलवाल्यांची माहिती द्यायला लावली, ती बातमी मात्र सगळीकडे पोचली. कारण तोवर पीडीएफवाले सगळे टेलिग्रामवर गेलेले, तिथे दोन जीबीची फाइल चालते आणि नंबर लपवता येतो. म्हणजे बंदीने पीडीएफ थांबल्या नाहीत, फक्त पुस्तकावर बोलणारे एकीकडे आणि पुस्तक देणारे दुसरीकडे असं झालं. टेलिग्रामच्या त्या चॅनलवर एक ओळ कोणी लिहीत नाही, नुसत्या फाइली. आणि इकडे ग्रुपवर परिचयावर परिचय, खाली ‘छान’, ‘वाचायला हवं’, ‘कुठे मिळेल?’, उत्तर नाही, कारण पुस्तक आउट ऑफ प्रिंट.

आउट ऑफ प्रिंटचा प्रश्न सगळ्यांनी मिळून टाळला असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकाशक नवी आवृत्ती काढत नाही, ई-बुक करत नाही, वारसांचा पत्ता लागत नाही, हक्क मात्र अजून तीस वर्षं जिवंत. अशा पुस्तकाची शिफारस करायची तरी कशाला, असं म्हणून लोकांनी त्यांच्यावर लिहिणंच कमी केलं. त्यामुळे ग्रुपवर फिरून फिरून तीच पन्नासेक पुस्तकं दिसतात, जी ऑनलाइन पटकन मिळतात. डिसेंबरात लोक ‘यंदा वाचलेली’ अशा याद्या टाकतात त्या एकाखाली एक ठेवून बघा.

यातून ज्यांनी खरंच मार्ग काढला ते अदलाबदलवाले. डोंबिवलीत एक खासगी लायब्ररी जुनं पुस्तक आणा, दुसरं न्या असा सोहळा भरवते, त्याला रांगा लागतात. ग्रुपवरही लोक आपल्याकडची प्रत एकमेकांना पोस्टाने पाठवायला लागले, वाचून पुढच्याला, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, टपालखर्च घेणाऱ्याचा. सगळी भिस्त पोस्टाच्या रजिस्टर्ड बुक पोस्टच्या स्वस्त दरावर होती. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने ती सेवा अचानक बंद केली आणि पुस्तकाच्या किमतीइतकाच टपालखर्च यायला लागला. आरडाओरडा झाला, मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, कर वेगळा. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, पुस्तक व्यापारी नको आणि त्यात जाहिरात नको ही अट. पुस्तकांच्या यादीला नियमात सूट आहे, तरी आता ग्रुपवर नवा वाद हा की शेवटच्या पानावर प्रकाशकाने आपल्याच दहा पुस्तकांची यादी छापली असेल तर ती जाहिरात धरायची का, आणि रहस्यकथा सांस्कृतिकमध्ये बसते का. एका अ‍ॅडमिनने यावरची चर्चाही बंद केलीये.