अग्निशमन प्रशिक्षणाचा सगळा खर्च दिल्लीच करते?

‘नागपुरात केंद्राचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहेच, मग राज्याने प्रशिक्षणावर वेगळा पैसा कशाला घालायचा?’ हे वर्षानुवर्षं कानावर येतं. गफलत इथेच आहे. नागपूरचं महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं, पण तिथे घडतात मुख्यतः अधिकारी. होज (पाण्याचा पाइप) घेऊन धुरात शिरणारा फायरमन तयार होतो तो राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आहे; तेव्हा ती जबाबदारी केंद्राची नव्हे, राज्याची आणि नगरपालिकांची.

केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची आधुनिकीकरण योजना आणली, हे खरं. राज्यांची प्रशिक्षण केंद्रं बळकट करणंही तिच्यात बसतं. पण पैसा आयता मिळत नाही (हे मात्र कुणी सांगत नाही): प्रकल्पखर्चातला २५ टक्के वाटा राज्याने उचलायचा. सवलत फक्त ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांना. त्यांचा वाटा १० टक्के.