पाकिटावरचं प्रोटीन मोजतात तरी कसं?

पाकिटाच्या मागचे आकडे आपण अगदी तराजूत तोलून लिहिल्यासारखे खरे धरतो, म्हणजे प्रोटीन ८ ग्रॅम लिहिलंय ना, मग ८ ग्रॅम असणारच. पण त्या प्रत्येक आकड्यामागे मोजायची एक पद्धत असते आणि लिहायचा एक नियम असतो, ते दोन्ही माहीत नसतील तर लेबल वाचून अर्धंच कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोटीनचंच बघा. नेहमीच्या टेस्टमध्ये लॅबवाले प्रोटीन थेट मोजतच नाहीत, ते नायट्रोजन मोजतात. ही पद्धत योहान केल्डाल या डॅनिश केमिस्टने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये काढली, त्याला धान्यातलं प्रोटीन मोजायचं होतं. थोडासा नमुना कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, गडद काळा झालेला तो रस्सा हळूहळू नितळ होतो, मग त्यात अल्कली घातली की नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो, तो पकडायचा आणि किती आहे ते बघायचं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं (दुधासाठी ६.३८), झालं प्रोटीन. स्वस्त आणि भरवशाची पद्धत, आजही जगभर वापरतात. फक्त एकच अडचण, नायट्रोजन प्रोटीनमधूनच आलाय की दुसरीकडून हे या टेस्टला कळत नाही.

आणि नेमकं तिथेच २००८ मध्ये चीनमध्ये भयंकर प्रकार झाला. दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी दिसतं, ते भरून काढायला दुधात मेलामाईन मिसळलं गेलं. हो, ज्याच्यापासून प्लॅस्टिकच्या ताटल्या बनतात तेच. मेलामाईनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नुसता नायट्रोजन असतो, त्यामुळे १ ग्रॅम मेलामाईन टेस्टला ४ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीनसारखं दिसतं. टेस्ट पास, लेबलवरचा आकडाही बरोबर, आणि त्या दुधाची पावडर गेली तान्ह्या बाळांच्या पोटात. त्यांच्या किडनीत खडे झाले, जवळपास ३ लाख बाळं आजारी पडली आणि ६ दगावली. त्यानंतर चीनने २००९ मध्ये नवा अन्नसुरक्षा कायदा आणला, आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने २०१० मध्ये बाळांच्या पावडरमध्ये किलोमागे जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम मेलामाईन चालेल अशी मर्यादा घातली, तीसुद्धा भांड्यांतून किंवा पॅकिंगमधून नकळत उतरणाऱ्या अंशापुरती, मुद्दाम मिसळायला परवानगी म्हणून नाही.

कोडेक्स म्हणजे १९६३ पासून चालत आलेली आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची यंत्रणा, संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघी मिळून ती चालवतात, आणि बहुतेक देशांचे लेबलचे नियम थोड्याफार फरकाने तिच्याच नमुन्यावर बेतलेले असतात.

आता लिहायच्या नियमाकडे या. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट (हृदयाला घातक असा चरबीचा प्रकार) असेल तर लेबलवर सरळ ० लिहितात. सर्व्हिंग केवढं, तर पाकिटावर लिहिलेलं तेवढं, आपण बसल्या बैठकीला संपवतो तेवढं नाही. म्हणजे ०.४ ग्रॅमवाली पाच सर्व्हिंग खाल्ली की २ ग्रॅम पोटात आणि लेबलवर मात्र शून्य. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याच्या आत ट्रान्स फॅट ठेवा, २००० कॅलरीच्या आहारात ते साधारण २.२ ग्रॅम होतं, म्हणजे जवळजवळ सगळा कोटा त्या शून्यातच संपला! अशा वेळी आकड्यांचा चौकोन सोडून घटकांची यादी वाचायची, तिथे अंशतः हायड्रोजनेटेड तेल दिसलं की ट्रान्स फॅट आहे असं समजायचं (अमेरिकेत आता ते तेल घालायला बंदी आहे, पण सगळीकडे तसं नाही).

यादी मला चौकोनापेक्षा जास्त कामाची वाटते, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, सगळ्यात जास्त घातलेला सगळ्यात वर. पण साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज असे तीन-चार प्रकार थोडे थोडे घातले तर प्रत्येक जण यादीत खाली खाली सरकतो, आणि पहिल्या नंबरला मैदा दिसत असला तरी सगळी साखर एकत्र धरली तर ती त्याच्याही वर जाऊ शकते. म्हणून यादी शेवटपर्यंत वाचायची.

ॲलर्जीवाल्यांना तर शेवटचा शब्दही सोडून चालत नाही. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तिळाला ॲलर्जी आणणारा नववा मुख्य पदार्थ ठरवलं आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ असेल तर लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. आता एकाच मशीनवर तिळाचा आणि बिनतिळाचा पाव बनतो तिथे मध्ये सगळी लाईन कणही न ठेवता धुवायची म्हणजे मोठं काम, दाणे बारीक, कुठेही अडकतात. मग काही बेकरी कंपन्यांनी काय केलं, तर बिनतिळाच्या पावातही चिमूटभर तिळाचं पीठ मुद्दाम घालायला सुरुवात केली आणि लेबलवर तीळ लिहून टाकलं. कायद्याने ते चालतं, लेबलही खरं आहे. पण तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आईवडिलांना वर्षानुवर्षं डोळे मिटून घरी आणत आलेल्या पावाचं पाकीटसुद्धा पहिल्यापासून वाचावं लागलं, आणि त्यातले कितीतरी पाव परत रॅकवर ठेवावे लागले.